जुना प्लाझ्मा टीव्ही घ्यायचाय, पिक्चर आणि गेमिंग दोन्हीसाठी. कुठला घेऊ?

निवांतरात्र
मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

घरचा एलईडी आता डोळ्यांना नको झालाय. फुटबॉलची मॅच लावली आणि कॅमेरा या गोलकडून त्या गोलकडे सरकला की गवत म्हणजे नुसता हिरवा रंग फासलेला, आणि रात्रीचा सीन आला की काळ्याच्या जागी राखाडी धुकं, कोपरे तर उजळलेलेच. मागच्या आठवड्यात मित्राकडे त्याचा जुना प्लाझ्मा दिवे बंद करून बघितला आणि मी गप्पच झालो. पडद्यावरचा अंधार कुठे संपतो आणि खोलीतला कुठे सुरू होतो तेच कळेना. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

ओएलईडी सध्या तरी बजेटमध्ये बसत नाही, आणि जुने प्लाझ्मा लोक अगदी कवडीमोलाने काढून टाकतायत. माझ्यासमोर तीन आहेत. एक ४२ इंची पॅनासॉनिक, १०२४ बाय ७६८ पिक्सेलवाला. दुसरा ५० इंची पॅनासॉनिक एसटी६०. तिसरा ५१ इंची सॅमसंग, २०१३चा, फुल एचडी. पहिला सगळ्यात स्वस्त, बाकी दोन जवळपास सारखेच.

वापर म्हणाल तर संध्याकाळी एखादा पिक्चर, सुट्टीला मॅच, आणि रात्री दीड-दोन तास गेमिंग, त्यात निम्मं रेसिंग आणि निम्मं ऑनलाइन शूटिंग. सोफा ते टीव्ही अडीच मीटर. खिडकीला जाड पडदा आहे. बर्न-इनबद्दल, म्हणजे पडद्यावर कायमचा ठसा उमटण्याबद्दल, इतकं उलटसुलट वाचलंय की डोकं चक्रावलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

काचवेडा
प्लाझ्माचं नाव काढलं की मला राहवत नाही, त्यामुळे जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

तुम्हाला मित्राकडे जे दिसलं त्याचं कारण आधी सांगतो, म्हणजे काय विकत घेताय ते कळेल. एलईडी म्हणजे खरं तर एलसीडीच, मागे दिवा आणि पुढे झडपा. झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा उजेड झिरपतोच, ते तुमचं राखाडी धुकं. प्लाझ्मात मागे दिवाच नाही. दोन काचांमध्ये लाखो बारीक कप्पे, त्यात निऑन आणि झेनॉन वायू, वीज दिली की त्यातून अतिनील किरणं निघतात आणि ती कप्प्याच्या आतल्या फॉस्फरवर पडून लाल, हिरवा, निळा उजेड होतो. जिथे काळं हवं तिथला कप्पा जवळजवळ विझलेलाच. जवळजवळ म्हणतोय, कारण कप्पा पुढच्या क्षणाला पटकन पेटावा म्हणून त्याला सतत थोडं जागं ठेवावं लागतं, आणि त्याचा अगदी मंद उजेड राहतो. चांगल्या आणि साध्या प्लाझ्मातला निम्मा फरक तिथेच असतो.

गवताचं म्हणाल तर एलसीडी एक फ्रेम पूर्ण १६.७ मिलिसेकंद तशीच धरून ठेवतो, आपला डोळा मात्र चेंडूबरोबर सरकत असतो, म्हणून चित्र डोळ्यात फासलं जातं. प्लाझ्मा फ्रेमच्या आत लुकलुकतो, एका फ्रेमचे आठ-दहा छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात कप्पे पेटवतो-विझवतो. जाहिरातीत ६०० हर्ट्झ लिहायचे ते हेच, ६० फ्रेम गुणिले १० तुकडे. टीव्ही ६०० फ्रेम घेतो असा त्याचा अर्थ नाही, आत ६०च जातात. पण हलतं चित्र स्वच्छ दिसतं हे शंभर टक्के खरं.

आता तुमचे तीन सेट. ४२ इंची सोडून द्या. त्याचे पिक्सेल चौकोनी नाहीत, आडवे ताणलेले आहेत, १०२४च्या रुंदीत १६:९ चित्र बसवलंय. अडीच मीटरवरून पिक्चर उत्तम दिसेल, पण गेममधली बारीक अक्षरं, मॅपवरची नावं, गोळ्यांचा आकडा, सगळं कडेला दाताळ दिसणार. ५० इंची फुल एचडीचे पिक्सेल साधारण २ मीटरच्या पुढे डोळ्याला सुटे दिसत नाहीत, म्हणजे तुमचं अंतर अगदी बरोबर आहे.

एसटी६० आणि सॅमसंग यात पिक्चरसाठी मी डोळे झाकून एसटी६० म्हणेन. २०१३ साली दिलेल्या पैशात इतका काळा काळा देणारा दुसरा टीव्ही मिळत नव्हता. गेमिंगचं दुसरे सांगतील.

अवांतर: हे तंत्र टीव्हीसाठी जन्मलंच नव्हतं. १९६४ साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी प्लेटो नावाच्या, विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या कॉम्प्युटरसाठी हा पडदा केला, नारिंगी रंगाचा, एकरंगी. तिथून १९९७च्या ४२ इंची रंगीत टीव्हीपर्यंत यायला तेहतीस वर्षं लागली.

रेसखोर
वरच्या प्रतिसादातल्या बाकी सगळ्याशी सहमत, पण "डोळे झाकून एसटी६०" याला माझा विरोध नोंदवा. ऑनलाइन शूटिंग खेळणाऱ्या माणसाला एसटी६० सांगण्याआधी इनपुट लॅग सांगायलाच हवा. त्या मॉडेलचं चित्र अप्रतिम आहे पण बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ त्यात जास्त आहे, गेम मोड (प्रोसेसिंग कमी करणारी टीव्हीतली सेटिंग) लावला तरी. चार-साडेचार फ्रेम उशीर म्हणजे रेसिंगमध्ये ब्रेक दाबला तेव्हा वळण गेलेलं असतं. पिक्चर बघताना हे कधीच जाणवणार नाही, म्हणून विकणारा सांगणार नाही, त्याला माहीतही नसेल.

लॅग मोजायला मशीन नको. लॅपटॉप घेऊन जा, एचडीएमआयने टीव्हीला जोडा, दोन्ही पडद्यांवर एकच चित्र ठेवा आणि मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करा. मोबाइलने दोन्ही पडदे एका फोटोत येतील असे पंधरा-वीस फोटो काढा. प्रत्येक फोटोत दोन आकड्यांतला फरक बघा आणि सरासरी काढा. लॅपटॉपच्या पडद्याचाही थोडा लॅग असतो त्यामुळे आकडा अगदी अचूक नसतो, पण ३० मिलिसेकंद आहे की ७० एवढं नक्की कळतं.

सॅमसंगची एक गोष्ट लक्षात ठेवा. सोर्सच्या यादीत जाऊन त्या एचडीएमआयचं नाव बदलून "पीसी" करा. नुसतं नाव बदलल्यासारखं वाटतं पण टीव्ही आतली बरीच प्रोसेसिंग बंद करतो आणि लॅग उतरतो. रंगांचे काही पर्याय मेनूत बंद पडतात, ते चालतंय.

आणि हो, कन्सोल १०८०पीवर ठेवायचा, एचडीआर बंद. प्लाझ्माला ४के, एचडीआर, १२० हर्ट्झ यातलं काहीच येत नाही, ६० हर्ट्झच्या वर घेतच नाही. नव्या कन्सोलमधून १०८०पी निघतं, काळजी नको.

सोल्डरगन
मी टीव्ही दुरुस्तीत बरीच वर्षं आहे. तुम्ही मॉडेलवर वाद घालताय, ते नवा घेताना ठीक. पॅनासॉनिकने २०१३च्या शेवटी प्लाझ्मा बनवणं थांबवलं, सॅमसंग आणि एलजीने २०१४मध्ये. म्हणजे सगळ्यात तरुण सेटसुद्धा दहा वर्षं वापरून झालेला आहे. आता दोन एसटी६० एकमेकांसारखे राहिलेलेच नाहीत. एक निवांत पिक्चर बघत म्हातारा झालाय, दुसऱ्यावर दिवसभर बातम्या चालल्यात. तुम्ही मॉडेल विकत घेत नाही, त्या एका सेटचं गेलेलं आयुष्य विकत घेताय.

म्हणून बघायला जाल तेव्हा हे करा. पेन ड्राइव्हवर सहा साध्या इमेज बनवून न्या: पूर्ण लाल, हिरवी, निळी, पांढरी, काळी आणि मधला राखाडी. आधी टीव्ही तुमच्यासमोर चालू करून अर्धा तास तसाच ठेवायला सांगा. मग खोलीत अंधार करा आणि एकेक इमेज लावा. राखाडीवर सगळं उघडं पडतं. खाली पट्टी दिसते का, कोपऱ्यात लोगोचा ठसा दिसतो का, मधोमध जुन्या ४:३ आकाराच्या चित्राचा चौकोन दिसतो का. तिन्ही रंग वेगवेगळे बघा कारण ठसा कधी कधी एकाच रंगात असतो, निळ्यात जास्त.

ठसा दिसला की लगेच पळू नका. दोन प्रकार असतात. एक म्हणजे नुसती सावली, रिटेन्शन, मगाशी जे चालू होतं ते थोडा वेळ दिसतं आणि हलतं चित्र चालू ठेवलं की जातं. दुसरा म्हणजे खरं बर्न-इन, तिथला फॉस्फर बाकीच्यापेक्षा जास्त झिजलाय. तो जात नाही, कोणी काहीही सांगू दे. फरक ओळखायला तासभर पिक्चर लावून पुन्हा राखाडी बघा. फिकट झाला तर सावली, तसाच राहिला तर सेट सोडून द्या.

कान पण द्या. पांढरी इमेज लावली की बहुतेक प्लाझ्मा थोडा गुणगुणतो, ते चालतं. तीन मीटरवरून आवाज ऐकू आला तर नको. समुद्रसपाटीपासून फार उंचावर राहत असाल तर तिथे हा आवाज वाढतो, बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो म्हणून.

थंड असताना चालू करून बघा, काही सेट गरम झाल्यावरच नीट वागतात आणि विकणारा आधीच चालू करून ठेवतो. काळ्यावर लाल किंवा हिरवे ठिपके तडतडताना दिसले तर वाय-सस किंवा झेड-सस, म्हणजे कप्पे पेटवणाऱ्या बोर्डांचं काम निघणार, पॅनासॉनिकमध्ये त्याच बोर्डांना एससी आणि एसएस म्हणतात. पॅनासॉनिक चालू न होता लाल दिवा ठराविक वेळा लुकलुकत असेल तर लुकलुक मोजा, त्या आकड्यावरून कुठला बोर्ड ते कळतं. बोर्ड आता दुसऱ्या मेलेल्या सेटमधूनच काढावे लागतात.

आणि एक कळकळीनं सांगतो, स्वतः मागचं झाकण उघडू नका. आत २०० व्होल्टच्या आसपास चालतं आणि प्लग काढल्यावरही मोठे कॅपॅसिटर ते धरून ठेवतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाला बंद सेटने भिंतीवर फेकलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

विजेचंबिल
सगळे कौतुक करतायत म्हणून दुसरी बाजू लिहितो, धागाकर्त्याने विचार करावा. ५० इंची प्लाझ्मा चित्राप्रमाणे १००-१५० पासून ३०० वॅटच्या पुढे जातो, अंधाऱ्या पिक्चरला कमी आणि बर्फ किंवा पांढरा मेनू असला की जास्त. तेवढाच एलईडी याच्या तिसऱ्या हिश्श्यात चालतो. रोज पाच-सहा तास चालणार असेल तर दोन-तीन वर्षांत स्वस्तातली खरेदी स्वस्त राहत नाही. शिवाय वजन, उष्णता, काचेवरचं प्रतिबिंब. दिवसा पडदे उघडे ठेवून बघणाऱ्याने प्लाझ्मा घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

काचवेडा
विजेचं बरोबर आहे, नाकारत नाही. पण ते रात्रीच बघणार आहेत आणि तीनेक तास. त्या हिशोबाने मला तरी अजूनही सौदा फायद्याचा वाटतो. तुम्ही बर्फाचं लिहिलंत म्हणून आठवलं, पूर्ण पांढरा सीन आला की प्लाझ्मा स्वतःच उजेड कमी करतो, वीज मर्यादेत ठेवायला. बर्फातली रेस खेळताना टीव्ही अचानक मंद झाला तर सेट बिघडला असं समजू नका.

नवीकोरी
लॅपटॉप आणि स्टॉपवॉचची आयडिया आजच करून बघितली, माझ्या टीव्हीवर गेम मोडशिवाय ९०च्या पुढे निघाला, मी इतके दिवस कंट्रोलरला दोष देत होते. रेसखोरदादा, मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे.

एक विचारायचं होतं, मित्राच्या प्लाझ्मावर मला पांढऱ्या गोष्टी वेगाने हलल्या की कडेला पिवळसर-हिरवी शेपूट दिसते, त्याला दिसतच नाही म्हणतो. सेट खराब आहे का?

काचवेडा
@नवीकोरी, सेट ठीक आहे. निळा फॉस्फर लगेच विझतो, लाल आणि हिरवा थोडा मागे रेंगाळतात, लाल अधिक हिरवा म्हणजे पिवळा, ती शेपूट. काहींच्या डोळ्यांना दिसते, काहींना आयुष्यभर दिसत नाही. म्हणूनच घ्यायच्या आधी स्वतः बसून बघावं, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा कर्सर जोरात फिरवून.

निवांतरात्र
मंडळी, रविवारी तिन्ही सेट बघून आलो. पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊन गेलो, विकणारे जरा चमकले पण कोणी नाही म्हणालं नाही.

४२ इंची: नकोच होता, वाटेत होता म्हणून थांबलो. पिक्चर लावला होता तोवर छान वाटत होता. राखाडी इमेज लावली आणि खालच्या बाजूला बातम्यांची पट्टी, तिच्यावरचा घड्याळाचा चौकोनसुद्धा स्पष्ट. घरातल्या आजोबांनी सांगितलं की सकाळपासून रात्रीपर्यंत एकच चॅनल असतं. सोल्डरगन यांनी लिहिलं नसतं तर मी हा उचलून आणला असता.

एसटी६०: पॅनेल स्वच्छ, एकही ठसा नाही. काळा बघून परत तेच झालं, गप्प. मग स्टॉपवॉच लावलं. गेम मोडमध्ये सतरा फोटोंची सरासरी ७०च्या जरा पुढे. मालकाच्या परवानगीने कन्सोल लावून रेस खेळलो, माझ्या नेहमीच्या ट्रॅकवर दुसऱ्याच वळणाला भिंतीत. तीनदा.

सॅमसंग: राखाडीवर उजव्या वरच्या कोपऱ्यात अगदी पुसट गोल ठसा दिसला. मालक कॉलेजातला मुलगा, तोही गेम खेळतो, म्हणाला काल रात्रीचा मॅप आहे. त्याच्याकडे सव्वा तास बसलो, पिक्चर लावून. पुन्हा राखाडी लावली तेव्हा ठसा शोधून सापडला नाही. लॅग आधी बराच होता, "पीसी" नाव दिल्यावर निम्म्याच्या खाली आला. काळा एसटी६० इतका नाही, शेजारी शेजारी ठेवले तर कळेल. पांढऱ्यावर गुणगुण आहे, सोफ्यावरून ऐकू येत नाही.

आता मन एसटी६०वर आणि हात सॅमसंगवर. काय करू?

रेसखोर
सॅमसंग. तिसऱ्यांदा भिंतीत गेलात तिथेच उत्तर मिळालंय. काळा थोडा कमी असलेला पिक्चर तुम्ही आनंदाने बघाल, पण उशिरा वळणाऱ्या गाडीची सवय लागत नाही.

काचवेडा
मीही आता सॅमसंगच म्हणेन, माझं आधीचं मत फक्त पिक्चरपुरतं होतं. आणा. पण आणताना उभाच आणा, आडवा टाकू नका, पुढची काच मोठी आणि जड असते, खड्ड्यात स्वतःच्याच वजनाने तडकते. दोन माणसं लागतील. बाहेर थंडी असेल तर घरात आणल्यावर दोन-तीन तास तसाच ठेवा, आत दव धरलेलं असतं, मग प्लग लावा.

सोल्डरगन
घेतलात तर मॅपचा ठसा तुमच्याकडेही पडणार, त्यामुळे सवयी आधीच लावून घ्या. कॉन्ट्रास्ट आणि सेल लाइट (पडद्याच्या उजेडाची सेटिंग) जितका पुरेल तितकाच. पिक्सेल शिफ्ट, म्हणजे चित्र अधूनमधून किंचित सरकवणारी सोय, चालू. कन्सोलमध्ये स्क्रीन मंद होण्याची वेळ सगळ्यात कमी ठेवा. गेममध्ये एचयूडी (पडद्यावर सतत दिसणारे मॅप, आकडे) फिकट करता येत असेल तर करा. पॉज करून उठू नका, पॉजच्या मेनूसारखा वाईट प्रकार नाही. गेम संपला की अर्धा तास मॅच किंवा पिक्चर, पूर्ण पडदाभर हलणारं काहीही. ठसा पुसायला पांढरी पट्टी फिरवणारा पर्याय असतो तो रोज वापरू नका, त्याने सगळं पॅनेलच झिजतं, क्वचितच.

निवांतरात्र
आणला! मी आणि भाऊ, मागच्या सीटवर उभा धरून, सगळा रस्ता वीसच्या स्पीडने.

तीन आठवडे झाले म्हणून अपडेट देतोय. पहिल्याच शनिवारी सलग तीन तास रेस खेळलो आणि मग पडदा काळा झाल्यावर स्पीडोमीटरचा गोल दिसला, पोटात गोळाच आला. मॅच लावून ठेवली, पाऊण तासाने गेला. आता एचयूडी अर्धा फिकट केलाय आणि शेवटची पंचेचाळीस मिनिटं पिक्चरची ठरलेली आहेत. मॅचमध्ये कॅमेरा सरकताना गवताचे पट्टे मोजता येतात, आईसुद्धा म्हणाली की आज चेंडू दिसतोय.

एकच शंका. वरच्या बाजूला हात ठेवला तर चांगलाच गरम लागतो. एवढा गरम चालतो का?

सोल्डरगन
चालतो, गरम होतोच. भिंतीपासून किती लांब ठेवलाय? मागे आणि वर हवेला दहाएक सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी. आणि मागच्या जाळ्यांवरची धूळ महिन्यातून एकदा मऊ ब्रशने, बंद करून, बाहेरूनच.

निवांतरात्र
चार सेंटिमीटर होता. सरकवला, आता बारा आहे. जाळीवर मागच्या मालकाची बोटभर धूळ होती, तीही काढली.